नांदूर मधमेश्वर : पाणी कोणाचे, पक्षी कोणाचे?

नांदूर मधमेश्वर हे नाव महाराष्ट्रातील वृत्तपत्रवाचकाला वर्षातून दोनदा भेटते. पावसाळ्यात ते पहिल्या पानावर असते. गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सोडले, नांदूर मधमेश्वरमधून जायकवाडीकडे इतक्या हजार क्युसेकचा विसर्ग सुरू झाला, नदीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा दिला गेला, असा तो मजकूर असतो. पुढे डिसेंबर-जानेवारीत हेच नाव रविवारच्या पुरवणीत जाऊन बसते. तेथे धुक्यातून उतरणारे चित्रबलाक असतात, दुर्बिणी लावून बसलेली शाळकरी मुले असतात आणि ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ हे आता पाठ होऊन गेलेले बिरुद असते. पहिली बातमी नदीकाठचा ग्रामस्थ, कालव्याखालचा बागायतदार आणि मराठवाड्यातील शेतकरी श्वास रोखून वाचतो. दुसरी बातमी शहरातील शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी कौतुकाने वाचतात व पुढच्या रविवारचा बेत आखतात. दोन्ही बातम्या एकाच भिंतीच्या आणि एकाच पाण्याच्या आहेत. परंतु त्या एकत्र वाचण्याची सवय कोणालाच लागलेली नाही, आणि ह्या पाणथळ जागेचे जे काही अडते आहे ते नेमके येथेच.

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा ह्यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हा बंधारा उभा राहिला. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील अवर्षणग्रस्त मुलुखाला पाणी द्यावे हा त्याचा हेतू. धरणाच्या दोन्ही बाजूंनी गोदावरीचे डावा व उजवा कालवा निघाले, पुढे १९१६ साली वरच्या अंगाला दारणा धरण झाले, स्वातंत्र्यानंतर गंगापूर धरणाची भर पडली, आणि ह्या पाण्यावर निफाड, येवला, कोपरगाव, राहाता ह्या पट्ट्याचे अर्थकारण पालटले. अलीकडच्या काळात ह्याच ठिकाणाहून निघालेला जलद कालवा वैजापूर-गंगापूरकडे पाणी नेऊ लागला आहे. ऊस, द्राक्ष आणि कांदा ह्या तीन पिकांची आजची भरभराट ह्या भिंतीकडे डोळेझाक करून सांगताच येणार नाही. पक्ष्यांचा विचार ह्या योजनेत कोणीही केलेला नव्हता. तो करावा असे त्या काळच्या अभियंत्याला कोणी सुचवले असते तर त्याने ती थट्टाच मानली असती.

पक्षी आले ते अभियंत्याच्या यशामुळे नव्हे, तर त्याच्या अपयशामुळे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. दर पावसाळ्यात नदी गाळ आणीत गेली, बंधारा तो अडवीत गेला. जलाशय उथळ झाला. पाण्याची साठवण घटली, बेटे वर आली, कडेने पाणकणीस आणि लव्हाळे माजले. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात जी तूट, तीच पाणपक्ष्यांच्या हिशेबात जमा झाली. खोल पाण्याचे धरण हे पक्ष्यांच्या दृष्टीने जवळजवळ वाळवंटच असते. चोचीने पाणी गाळून खाणाऱ्या थापट्याला वीतभर पाणी हवे, शेकाट्याला आपल्या लांबलचक गुलाबी पायांच्या मापाचे हवे, तुतवाऱ्याला नुसता ओला चिखल पुरतो, आणि जांभळ्या पाणकोंबडीला लपायला गवत नसेल तर पाणी असून नसल्यासारखेच. ही सारी मापे एका ठिकाणी जुळवून ठेवण्याचे काम येथे गाळाने केले. १९८६ साली सुमारे शंभर चौरस किलोमीटरचा परिसर अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पुढे २०१९ साली त्यातील १,४३७ हेक्टर क्षेत्र आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले, आणि जानेवारी २०२० मध्ये त्याची घोषणा झाली तेव्हा महाराष्ट्राला असा हा पहिलाच मान मिळाला. प्राणी आणि वनस्पती मिळून ५३६ प्रजातींची येथील नोंद त्या कागदपत्रांत आहे. आणि त्याच कागदपत्रांत ह्या जागेला असलेल्या धोक्यांमध्ये गाळाचेही नाव आहे! ज्याने जागा घडवली तोच तिला बुडवू पाहतो, हा विरोधाभास ध्यानात ठेवल्याखेरीज पुढचा प्रश्न समजणार नाही.

ह्या ठिकाणी जाणे फारसे खर्चाचे नाही, आणि मध्यमवर्गीयाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे. व्याघ्रप्रकल्पातील सफारीला जे आरक्षण, जी जीप आणि जे भाडे लागते त्यांपैकी येथे काहीच लागत नाही. नाशिकहून वा निफाडहून पहाटे निघावे, अंगावर जाड स्वेटर असावा (निफाडच्या थंडीचे आकडे दर हिवाळ्यात वृत्तपत्रांत येतात ते अतिशयोक्तीचे नसतात; कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात ते मोजले जातात), आणि चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी ह्या बाजूंनी बांधाबांधाने चालत राहावे. डोंगरावरील भटकंतीची सवय असलेल्याला ही चाल प्रथम मिळमिळीत वाटते. चढ नाही, उतार नाही, शिखर गाठल्याचे समाधान नाही. परंतु तासाभराने ध्यानात येते की येथे चालणे हे थांबण्यासाठी असते. दहा पावले टाकावीत आणि दहा मिनिटे उभे राहावे. उन्हाचा पहिला किरण पाण्यावर पडला की धुके वितळते आणि जे काळे ठिपके वाटत होते ते शेकडो वारकरी निघतात. काळ्या अंगाच्या आणि कपाळावर पांढरा टिळा लावलेल्या ह्या पक्ष्याला मराठी माणसाने दुसरे नाव दिलेच नसते. पिवळ्या टोकाच्या चोचीवर मुळाशी तांबडे ठिपके असलेले बदक हळदी-कुंकू होते. तिबेट-लडाखच्या उंचीवरून उतरलेले केशरी चक्रवाक जोडीजोडीने गाळाच्या बेटावर बसलेले असतात. रात्री ताटातूट होणारी जोडी म्हणून संस्कृत कवींनी त्यांना अजरामर केले. दिवसा मात्र ते एकमेकांना सोडीत नाहीत हे पाहणाऱ्याला सहज दिसते. मधूनच दलदलीवरचा भोवत्या गवताला घासून उडतो आणि सारे पाणी एकदम उठते. तो आवाज एकदा ऐकला की माणूस पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येतो.

ही नावे मुलांच्या तोंडी बसावीत ह्यासाठी मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या वनाधिकाऱ्याने आयुष्य वेचले, त्याआधी डॉ. सालिम अली यांनी १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील आपले पुस्तक सामान्य वाचकाच्या हाती दिले. त्यांच्या श्रमांचे फळ आज अशा बांधांवर दिसते. इंग्रजी वाचणाऱ्या मोजक्या हौशी लोकांचा हा छंद आता जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलांपर्यंत पोहोचला आहे. परिसरातील गावांतील तरुण दुर्बीण आणि मोठी टेलिस्कोप घेऊन वाट दाखवतात, दोन मैलांवरच्या ठिपक्याचे नाव सांगतात. हे सारे आनंदाचेच आहे. तथापि मनोऱ्यावर उभ्या असलेल्या पर्यटकाला समोरचे पाणी निसर्गाचे वाटते, आणि येथे त्याची गफलत होते. ते पाणी आवर्तनाचे आहे.

आवर्तन म्हणजे कालव्यातून ठराविक काळाने सोडावयाची पाण्याची पाळी. रब्बीची किती, उन्हाळी किती, कोणत्या तारखेपासून, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. तेथे मंत्री असतात, आमदार असतात, जलसंपदा विभागाचे, म्हणजे जुन्या भाषेतील पाटबंधारे खात्याचे अधिकारी असतात, लाभधारकांचे प्रतिनिधी असतात. बैठक वादळी झाली अशी बातमी पुष्कळदा येते, आणि ती खरीच असते, कारण पाणी थोडे असते आणि मागणारे पुष्कळ. त्यात २०१४ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या आदेशाने आणखी एक मोठा दावेदार कायदेशीरपणे उभा राहिला. ऑक्टोबरच्या मध्यास जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडावे लागते, आणि ते पाणी जाते ह्याच संगमावरून. तेव्हा नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाडा ह्या तीन प्रदेशांचे भांडण पुढ्यात असताना चौथा वाटेकरी म्हणून बदकांचे नाव घेण्याचे धाडस कोण करील?

आणि तरीही ते घेतले पाहिजे. कारण बदकांची मागणी ही पाण्याची मागणीच नव्हे. अर्थशास्त्रात उपभोग आणि वापर ह्यांत जो भेद करतात तो येथे अगदी नेमका लागू पडतो. उसाने प्यालेले पाणी परत येत नाही. पक्ष्याने वापरलेले पाणी जेथल्या तेथे राहते व नंतर कालव्यात वा जायकवाडीत जाऊ शकते. पक्ष्याला पाणी संपवायचे नाही, त्याला ते काही काळ मुक्कामाला हवे आहे. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत पातळी एका मर्यादेच्या खाली जाऊ नये आणि उतरली तरी एकदम उतरू नये, एवढेच त्याचे मागणे. पाणी संथपणे ओसरले तर रोज नवा चिखल उघडा पडतो, त्यात किडे-गोगलगाई मिळतात, चिखलातील पक्ष्यांची पंगत आठवडेच्या आठवडे चालते. तेच पाणी चार दिवसांत ओढले गेले तर कडा वाळून भेगाळतात आणि पंगत अर्ध्यावर उठते. बाष्पीभवनाची थोडी घट वजा जाता ह्या व्यवस्थेत पाण्याची नासाडी नाही. खर्च आहे तो वेळापत्रकाचा. चार दिवसांत सोडावयाचे पाणी दहा दिवसांत सोडणे कालव्याच्या दृष्टीने गैरसोयीचे असेल, शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत कमी दाबाने पाणी पोहोचत नाही ही त्याची तक्रारही खरी आहे. पण गैरसोयीची किंमत मोजता येते. आज ती मोजलीच जात नाही, कारण समोरची बाजू हिशेबाच्या वहीत लिहिलेलीच नाही.

गाळाचा प्रश्न ह्याहून अवघड. संगमाच्या वरच्या अंगाला गोदाकाठी सायखेडा, चांदोरी ही गावे आहेत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्यांची काय दशा झाली ते अनेकांच्या स्मरणात असेल. बाजारपेठ पाण्याखाली, घरांत गाळ. बंधाऱ्यात साचलेल्या गाळाने पुराच्या पाण्याला तुंब बसते आणि ते गावात शिरते, गाळ काढा आणि दरवाजे वाढवा, ही त्या भागातील लोकांची जुनी मागणी आहे. ती केवळ पक्षिप्रेमाने खोडून काढणे हा निर्दयपणा होईल. ज्या गाळावर हिवाळ्यात चक्रवाक बसलेले पाहून शहरी पाहुणा हरखून जातो, त्याच गाळाची किंमत श्रावणात कोणी तरी आपल्या ओसरीत भरीत असते. ह्या दोघांची भेट कधी होत नाही. एक ऑगस्टमध्ये भोगतो, दुसरा जानेवारीत उपभोगतो.

दुसरीकडे, सरसकट गाळ उपसून जलाशय पुन्हा मूळ खोलीचा करावा असा विचार असेल तर त्याचे फळही स्पष्ट सांगितले पाहिजे. रामसरचा फलक राहील, पक्षी राहणार नाहीत. आणि काहीच न करणे हाही पर्याय नव्हे, कारण गाळ थांबून राहत नाही. आज जे उथळ पाणी आहे ते उद्या बेट होईल, परवा त्यावर झुडपे माजतील आणि पाणथळ जागेची जमीन होईल. शहरांच्या सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी ह्या कामाला हातभार लावतेच आहे. तेव्हा मुख्य प्रवाहाची वाट आणि दरवाजांसमोरचा भाग मोकळा करावा, कडेचे उथळ पट्टे आणि बेटे राखावीत, कोठे खणायचे व कोठे हात लावायचा नाही ह्याचा नकाशा पक्ष्यांचे जाणकार, अभियंते आणि पूरग्रस्त गावे ह्यांनी एकत्र बसून करावा, हा मधला मार्ग दिसतो. तो तांत्रिकदृष्ट्या सोपा नाही. परंतु ‘गाळ काढा’ आणि ‘हात लावू नका’ ह्या दोन घोषणांपेक्षा तो खासच शहाणपणाचा आहे.

राखीव जागेचा कारभार स्थानिकांना वगळून केला की काय होते ह्याचा धडा मूळ भरतपूरनेच देऊन ठेवला आहे. केवलादेवचे ते २९ चौरस किलोमीटरचे तळेही निसर्गनिर्मित नव्हे. संस्थानिकांनी बांध घालून आणि कालव्याने पाणी आणून बदकांच्या शिकारीसाठी ते सजवले होते. १९३८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात चार हजारांवर पक्षी मारले गेले, आणि तो आकडा अभिमानाने दगडात कोरला गेला. स्वातंत्र्यानंतर शिकार बंद झाली, १९८१ मध्ये ते रामसर यादीत गेले, १९८५ मध्ये जागतिक वारसा ठरले. ह्या गौरवाच्या दोन टप्प्यांमध्ये, १९८२ साली, आतील गुरेचराई एकाएकी बंद करण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या म्हशी चारणारे गावकरी उठले, गोळीबार झाला, माणसे मेली. पक्ष्यांसाठी माणसे! आणि ह्याहून विषण्ण करणारी गोष्ट नंतर उघड झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी तेथे दहा वर्षे केलेल्या निरीक्षणातून असे दिसून आले की म्हशी गेल्यावर पाण्यात पास्पालम जातीचे गवत बेसुमार माजले, उघडे पाणी झाकले गेले, आणि अनेक पाणपक्ष्यांची त्यामुळे अडचणच झाली. चराई बंद करावी असे मानणाऱ्या संस्थेच्याच अभ्यासकांनी हा निष्कर्ष प्रामाणिकपणे मांडला, हे त्यांचे मोठेपण. पण गेलेले जीव त्या अहवालाने परत आले नाहीत.

भरतपूरची दुसरी गोष्ट पाण्याची. गंभीर नदीवर वरच्या अंगाला पांचना धरण झाले, आणि २००४ सालच्या अवर्षणात तेथल्या शेतकऱ्यांनी उद्यानाला पाणी देण्यास विरोध केला. जगाचा वारसा कोरडा पडला. जागतिक कीर्तीची जागा आपल्या पाण्याची धनी नसते, हे ह्यावरून कळावे. पुढे दुरून नळाने पाणी आणण्याची खर्चिक व्यवस्था करावी लागली. सैबेरियातून येणारे शुभ्र क्रौंच तर त्याआधीच, २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर, यायचे थांबले होते. मात्र भरतपूरची एक गोष्ट अनुकरणीय आहे. तेथील सायकलरिक्षा चालवणाऱ्यांना पक्ष्यांची ओळख शिकवण्यात आली, आणि जे पूर्वी नुसते भाडे मिळवीत ते वाटाडे झाले. आपल्याकडे उजनीच्या फुगवट्यावर, भिगवण परिसरात, कोळी बांधवांनी आपल्या होड्यांतून पाहुण्यांना रोहित पक्षी दाखवायला सुरुवात केली, तीही ह्याच वाटेवरची. पक्षी जिवंत असण्यात ज्याचा घरखर्च गुंतलेला आहे तो माणूस कोणत्याही वनरक्षकापेक्षा जागरूक असतो.

उजनीचे नाव निघाले म्हणून कायद्याच्या एका चमत्कारिक तरतुदीकडे वळणे प्राप्त आहे. पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने २०१० साली नियम केले आणि २०१७ साली ते बदलले. नव्या नियमांतील व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी माणसाने बांधलेले जलाशय वगळण्यात आले आहेत. दिल्लीत बसून ही व्याख्या समंजस वाटली असेल. महाराष्ट्राच्या पठारावर तिचा अर्थ काय होतो? ह्या बेसॉल्टच्या मुलुखात नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीतच. उल्कापाताने घडलेले लोणार हा अपवाद. बाकी आपल्याकडील पाणथळ जागा म्हणजे कोणी ना कोणी, कधी ना कधी, शेतीसाठी घातलेला बांध. विदर्भात कोहळी समाजाने खणलेले तलाव, ज्यांच्या आधाराने गोंदियाकडे अजून सारस टिकून आहेत, तेही मूळचे सिंचनाचेच. अडीचशे-तीनशे वर्षे पक्ष्यांना सांभाळणारा तलाव माणसाने बांधला म्हणून पाणथळ नव्हे, असे म्हणणारा नियम व्याकरणशुद्ध असेल, परंतु तो ह्या प्रदेशाला ओळखत नाही. नांदूर मधमेश्वरला अभयारण्याचे आणि रामसरचे छत्र आहे, म्हणून ते वाचते. ज्या शेकडो तलावांना असे छत्र नाही त्यांच्या काठावर भराव पडू लागला तर दाद कोणत्या कलमाखाली मागायची? येथे राज्य सरकारला स्वतःहून पुढाकार घेता येण्यासारखा आहे. सिंचन तलावांपैकी पक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे कोणते ह्याची तालुकावार यादी करणे आणि त्या तलावांच्या पाणीवाटपात व लिलावांत त्याची नोंद घेणे, ह्याला केंद्राच्या व्याख्येची आडकाठी नाही.

आता पाहुण्याच्या खिशाकडे. एखाद्या रम्य स्थळाची किंमत कशी काढावी हा प्रश्न अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या प्रशासनाला पडला तेव्हा हॅरॉल्ड हॉटेलिंग ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९४७ साली एक साधी युक्ती सुचवली : लोक तेथे पोहोचण्यासाठी किती लांबून येतात आणि किती खर्च करतात ते पाहा. प्रवेशशुल्क फसवे असते, प्रवासखर्च खरे बोलतो. ह्या न्यायाने पाहिले तर पुण्या-मुंबईहून निफाडला येणारा पाहुणा ह्या पाण्याची बरीच मोठी किंमत मोजतो, पण ती पेट्रोलपंपाला, हॉटेलला आणि रस्त्याच्या टोलनाक्याला मिळते. पाण्याकाठच्या शेतकऱ्याला काय मिळते? त्याच्या गव्हा-हरभऱ्यात पाणकोंबड्या आणि करकोचे उतरतात, अभयारण्याचे निर्बंध त्याच्या जमिनीला चिकटतात, गाळपेराच्या जमिनीवरून खात्यांशी वाद होतात, आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्या बांधावर मोटारी लागतात. लाभ एकाचा आणि झीज दुसऱ्याची अशी स्थिती असेल तेथे संरक्षण टिकत नाही, मग कायदा कितीही कडक असो. प्रवेशशुल्काचा मोठा वाटा थेट काठावरच्या गावांच्या समित्यांकडे जावा, पीकनुकसानीची भरपाई त्याच हंगामात मिळावी, वाटाड्यांचे मानधन पाहुण्यांच्या मर्जीवर न राहता ठरलेले असावे, ह्या मागण्या नव्या नाहीत. त्या मान्य करण्यात अडचण पैशाची नाही. महसूल कोणत्या लेखाशीर्षाखाली जमा व्हावा, ह्या अत्यंत भारतीय कारणावर अशा गोष्टी अडून राहतात.

पाहुण्यांनीही काही शिस्त पाळली पाहिजे, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. जवळचे छायाचित्र मिळावे म्हणून पक्षी उडवण्याचा प्रकार वाढला आहे. हजारो मैल उडून आलेल्या पक्ष्याच्या अंगात जी चरबी असते ती त्याची परतीची शिदोरी असते; त्याला दिवसातून दहा वेळा उडवणे म्हणजे ती शिदोरी चोरणे. शिक्षकांनी वर्गच्या वर्ग आणावेत, अवश्य आणावेत, पण एका वेळी पन्नास मुलांचा गलका मनोऱ्यावर नेऊन काही दिसत नाही. दहा-दहाच्या तुकड्या कराव्यात, आणि उरलेल्या चाळीसांना कालव्याच्या मुखाशी न्यावे. तेथे दरवाजा कसा उचलतात, पाणी कोणत्या गावाला जाते, पाण्याची पातळी दाखवणारी मोजपट्टी कशी वाचतात, हे त्यांना दाखवावे. वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तर पक्ष्यांइतकीच ही मोजपट्टी पाहण्याची आवश्यकता आहे. एका दिवसाच्या सहलीत संयुक्त उत्पादन, बाह्य परिणाम आणि सामायिक मालमत्ता ही तिन्ही प्रकरणे उघड्या डोळ्यांनी वाचून होतील, आणि तीही पुस्तकापेक्षा बरी.

मोजपट्टीचा हा मुद्दा किरकोळ नव्हे. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. भारतीय उपखंडात ती १९८७ पासून चालू आहे. अभयारण्यांतील गणनेचे आकडे वनविभागाकडे आणि पक्षिमित्रांच्या संस्थांकडे जमा होतात. बंधाऱ्यातील पाण्याची रोजची पातळी आणि विसर्ग जलसंपदा विभागाच्या नोंदवहीत असतो. पावसाळ्यात तर तो तासातासाला प्रसिद्ध होतो. दोन्ही सरकारी कागद, दोन्ही एकाच जिल्ह्यात, दोन्ही एकाच पाण्याविषयी. ते शेजारीशेजारी ठेवून कोणत्या पातळीला कोणते पक्षी किती राहिले हे काढणे हे एखाद्या महाविद्यालयाच्या विभागाला दोन हिवाळ्यांत जमण्यासारखे काम आहे. ते झाले तर कालवा सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीत पक्ष्यांच्या बाजूने भावना न मांडता एक आकडा मांडता येईल. अमुक तारखेपर्यंत अमुक पातळी, आणि तिच्यासाठी आवर्तन इतके दिवस लांबवण्याची गैरसोय. त्या बैठकीत सायखेड्याचा आणि चापडगावचा एकेक माणूस बसलेला असावा, आणि रब्बीचे पहिले आवर्तन सुटण्याआधी ती व्हावी.